फोमच्या भोपळ्यावर बारीक नक्षी कशी कोरायची

हॅलोविनसाठी कोरलेला खरा भोपळा आठवडाभरात खचतो आणि बुरशी धरतो. टेक्सस-फ्लोरिडासारख्या उबदार भागात तर तीन-चार दिवसांतच कोरलेलं तोंड सुरकुतून आत ओढलं जातं. दोन तिकोनी डोळे आणि दातांची एक रांग एवढंच कोरलं असेल, तर फारसं काही वाटत नाही. पण चार-पाच तास खपून फांद्यांसकट झाड किंवा पिसांसकट घुबड कोरलं असेल, तर ते कचऱ्यात टाकणं जिवावर येतं. ज्यांना बारीक काम करायचं आहे त्यांनी फोमचाच भोपळा घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. तो कुजत नाही, आतला गर काढावा लागत नाही आणि नीट जपला तर पुढची अनेक वर्षं ३१ ऑक्टोबरला पोर्चवर मांडता येतो. मात्र खऱ्या भोपळ्याची सवय असलेला हात फोमवर चुकतो. फोम ठिसूळ असतो, त्यातून बाजूने प्रकाश झिरपत नाही आणि एकदा तुटलेला कोपरा पुन्हा तसाच उमटत नाही.

कोणता भोपळा घ्यायचा

दुकानात तीन प्रकारचे कृत्रिम भोपळे शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि पहिली चूक तिथेच होते. एक असतो पोकळ, पातळ प्लॅस्टिकचा. तो कोरण्याच्या कामाचा नाही. दुसरा थर्माकोलचा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा. तो कापला की त्याचे पांढरे मणी सुटतात आणि कड कधीच स्वच्छ येत नाही. आपल्याला हवा तो तिसरा: पोकळ, पॉलियुरेथेन फोमचा आणि बाहेरून रंगाचं पातळ कवच असलेला. लेबलवर सहसा ‘कार्व्हेबल’ असं लिहिलेलं असतं. शंका असेल तर तळाशी नखाने किंचित खरवडून बघा. मणी न दिसता बारीक, एकसारखा भुगा पडला तर तो पॉलियुरेथेन.

आकार ९ इंच व्यासाचा घ्या. याहून लहान भोपळ्यात हात जात नाही, आणि फार मोठा घेतला तर भिंत जाड निघण्याची शक्यता असते. या भोपळ्यांची भिंत साधारण अर्धा ते एक इंच जाड असते आणि एकाच भोपळ्यात ती सगळीकडे सारखी नसते. चार भोपळे हातात घेऊन बघा. ज्याची एक बाजू त्यातल्या त्यात सपाट आहे आणि जिथे शिरांमधल्या खाचा उथळ आहेत, तो निवडा. नक्षी त्याच बाजूला येणार. चेहरा कोरायचा असेल तर डोळ्यावर खाच येणार नाही याची खात्री तिथेच करून घ्या.

अमेरिकेत हस्तकलेच्या दुकानांत हे भोपळे उन्हाळ्यातच दिसायला लागतात. हॅलोविन उलटला की उरलेला माल स्वस्तात निघतो. पुढच्या वर्षीचा भोपळा तेव्हाच घेऊन ठेवावा.

हत्यारं

मुख्य हत्यार एकच: पेनासारखा धरायचा क्राफ्ट चाकू आणि त्याचं ११ नंबरचं टोकदार पातं. एका भोपळ्याला पाच-सहा पाती हाताशी ठेवा. फोम मऊ असला तरी त्यावरचा रंग पात्याची धार झपाट्याने मारतो, आणि बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं. कड भुसभुशीत दिसायला लागली की हाताला दोष देऊ नका, आधी पातं बदला. वाकलेलं टोक तर लगेच काढून टाका, ते आत तुटून राहतं.

भिंत पाऊण इंचाहून जाड असेल तर ११ नंबरचं पातं आरपार जाताना अडखळतं. तिथे ९ मिलिमीटर रुंदीचा, तुकडे मोडत जाणारा कटर वापरा. पातं गरजेपुरतंच बाहेर काढून लॉक करा. मोठ्या खिडक्यांसाठी भोपळा कोरायच्या किटमधली छोटी दातेरी करवत चालते, पण वरचं कवच चाकूने कापून झाल्यावरच. करवत थेट रंगावर चालवली की रंगाचे टवके उडतात.

शिवाय लागेल ते असं: टाचण्या, मास्किंग टेप, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, मऊ ब्रश, भोपळा धरणाऱ्या हातात घालायला पात्याने कापण्यापासून वाचवणारा हातमोजा, चष्मा आणि एन-९५ मास्क. मास्कच्या बाबतीत आळस करू नका. फोमचा भुगा इतका हलका असतो की तो हवेत तरंगत राहतो. काम अंगणात किंवा गॅरेजचं दार उघडं ठेवून करा आणि भुगा झाडूने उडवण्यापेक्षा व्हॅक्यूमने ओढून घ्या. कपड्यांना, हाताला चिकटलेला भुगा ओल्या फडक्याने पुसला की निघतो.

तापवून कापणाऱ्या तारेबद्दल किंवा गरम चाकूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. थर्माकोल उष्णतेने वितळतो, म्हणून तो तसा कापतात. पॉलियुरेथेन वितळत नाही, करपतं. करपताना त्यातून निघणाऱ्या धुरात आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असू शकतात. इंटरनेटवर अशी प्रात्यक्षिकं भरपूर दिसतात, तरी हे काम घरात करू नये.

तळ कापा, वरचं झाकण नको

खऱ्या भोपळ्यासारखं देठाभोवती झाकण कापायची इथे गरज नाही. तळाला साडेचार ते पाच इंच व्यासाचं वर्तुळ आखा, आधी कवचावर एक चीर घ्या आणि मग पूर्ण खोलीत कापा. वरून भोपळा अखंड राहतो, सांधा दिसत नाही आणि दिव्यावर तो नुसता टोपीसारखा ठेवता येतो. भोक हात जाईल एवढं हवंच, कारण आतूनही काम करायचं आहे.

निघालेली चकती टाकू नका. तोच तुमचा सरावाचा तुकडा. याच फोमवर, याच रंगावर पातं कसं चालतं, किती जाड थरातून किती उजेड येतो, कोणता गोंद धरतो, हे सगळं आधी चकतीवर करून बघायचं.

भिंत आतून पातळ करणं

बारीक नक्षीचं यश या पायरीवर ठरतं, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. समजा भिंत १८ मिलिमीटर जाड आहे आणि तुम्ही तिच्यात ३ मिलिमीटर रुंदीची फट कापली. ती फट म्हणजे एक खोल बोगदा झाला. अगदी समोर उभं राहिलं तर उजेड दिसेल, दोन पावलं बाजूला सरकलं की फट काळी. हॅलोविनला दारोदार खाऊ मागायला रस्त्यावरून येणारी मुलं भोपळा तिरक्या कोनातूनच बघतात. त्यामुळे जिथे नक्षी येणार त्या भागाची भिंत आतून ८ ते १० मिलिमीटरवर आणायची, आणि तीही नक्षी कापायच्या आधी. एकदा फटी पडल्या की आतून दाब देताच नाजूक भाग मोडतात.

नक्षीची हद्द बाहेरून पेन्सिलने आखा. तिच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी, जो भाग पुढे कापून जाणार आहे अशा ठिकाणी, टाचण्या आरपार टोचा. आत त्यांची टोकं दिसतील, म्हणजे खरवडायची जागा कळली. टाचणी बाहेर काढून तिच्यावर चिमटीने खूण धरली की भिंतीची जाडीही मोजता येते. मग आत हात घालून ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळून घासा, किंवा ड्रेमेलसारख्या रोटरी हत्याराला सँडिंग ड्रम लावून सर्वात कमी वेगावर फिरवा. दर दोन मिनिटांनी टाचणीने जाडी तपासा. आत टॉर्च ठेवून बघितलं तर फसगत होते, कारण बाहेरचा रंग उजेड अडवतो. मोजमापावरच विसंबा.

हद्दीच्या कडेला भिंत एकदम जाड होऊ देऊ नका. उतार ठेवला तर मजबुती राहते.

नक्षी निवडणं आणि तिच्यात जोड ठेवणं

९ इंची भोपळ्यावर नक्षी ६ इंच रुंद आणि ६ ते ७ इंच उंच असावी. त्यापुढे भोपळा इतका वळतो की कडेचा भाग समोरून दिसत नाही.

कापायच्या नक्षीचा नियम असा की जे राहणार आहे ते सगळं कुठे ना कुठे मुख्य भिंतीला जोडलेलं हवं. घुबडाचं उदाहरण घ्या. मागे चंद्राचा गोल कापायचा, म्हणजे घुबड काळं, चंद्र उजळ. आता घुबड त्या गोलात लोंबकळणार कशाच्या आधारावर? खालची फांदी चंद्राच्या दोन्ही कडांपर्यंत नेली की घुबड फांदीवर बसलं आणि फांदी भिंतीला टेकली. पण आधार फक्त खालून असेल तर डोकं मागे-पुढे हलतं, म्हणून वरून एक डहाळी कानाच्या पिसापर्यंत उतरवा. डोळा म्हणजे उजळ कडं आणि मध्ये काळं बुबुळ. ते कडं पूर्ण कापलं तर बुबुळ गळून पडेल. त्यासाठी वरच्या पापणीचा पट्टा बुबुळापर्यंत ओढून घ्यायचा. डोळा अर्धवट मिटलेला दिसतो आणि घुबडाला ते शोभतंही. जोड असा चित्राचाच भाग वाटला पाहिजे.

जोडपट्टीची रुंदी भिंत ८-१० मिलिमीटरची असताना निदान ५ मिलिमीटर ठेवा. सरावानंतर ३ पर्यंत जाता येतं, पण लांबट पट्टी असेल तर नाही. अर्ध्या इंचाहून लांब पट्टीला रुंदीही त्या प्रमाणात वाढवून द्या.

नक्षीच्या दोन प्रती छापा. एक भोपळ्यावर चिकटवायला. दुसरीवर जे कापायचं ते पेन्सिलने काळं करा आणि समोर भिंतीला लावून ठेवा. दोन तास एकाग्रपणे कापल्यावर कोणता तुकडा जाणार आणि कोणता राहणार यात डोळा हमखास गोंधळतो.

कागदावरून भोपळ्यावर

सपाट कागद गोल भोपळ्यावर बसवायचा म्हणजे सुरकुत्या येणार. कागदाच्या चारही कडांना इंच-दीड इंचाच्या चिरा द्या, मध्यापासून बाहेर दाबत जा आणि चिरांच्या कडा एकमेकींवर सरकवून मास्किंग टेपने चिकटवा. चीर महत्त्वाच्या रेषेतून जाऊ देऊ नका. खाचांमध्ये कागद बोटाने आत दाबा. तो खाचेवर ताणलेला राहिला तर टोचलेले ठिपके सरकतात आणि सरळ रेषा वाकडी निघते.

आता टाचणीने रेषांवर टोचत जा: वळणांवर दर २ मिलिमीटरला, सरळ रेषेवर दर ४-५ मिलिमीटरला, आणि प्रत्येक कोपऱ्यावर नक्की एक. खोली मिलिमीटरभर पुरे. कागद काढल्यावर नारिंगी रंगावर हे ठिपके दिसतच नाहीत. त्यांच्यावर पांढरी रांगोळी किंवा मैदा चोळा आणि वरचं ब्रशने झटका. ठिपके पांढरे भरतात आणि नक्षी स्वच्छ उठते. पांढऱ्या भोपळ्यावर हेच काम हळदीने किंवा कोळशाच्या पुडीने होतं. मग दुसरी प्रत बघत पेन्सिलने ठिपके जोडा.

अगदी बारीक रेषांसाठी, उदाहरणार्थ पिसं किंवा कोळ्याचं जाळं, कागद न काढता त्याच्यासकट पहिली चीर द्यावी. ठिपके जोडताना होणारी अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे दिसून येते.

कापणं

भोपळा मांडीवर धरू नका. टेबलावर टॉवेलची जाड चुंबळ करा आणि नक्षीची बाजू वर येईल असा भोपळा तिच्यावर बसवा. पातं नेहमी धरणाऱ्या हातापासून लांब जाईल असं भोपळाच फिरवत राहा.

कोणतीही रेषा दोनदा कापायची. पहिल्या फेरीत फक्त कवच आणि एक-दोन मिलिमीटर फोम. ही चीर पुढच्या पात्याला वाट दाखवते आणि रंगाचे टवके उडू देत नाही. संपूर्ण नक्षीची पहिली फेरी आधी पुरी करा. दुसऱ्या फेरीत पातं उभं, पृष्ठभागाला काटकोनात धरून आरपार न्या. चाकू खेचत नेण्यापेक्षा बारीक वर-खाली हालचाल करत पुढे सरकवला की कड गुळगुळीत येते. कोपऱ्यात वळू नका. कोपऱ्यात पातं टोचा, तिथून बाहेर कापत या, मग पुन्हा त्याच कोपऱ्यातून दुसरी बाजू कापा. कोपरे गोलसर निघतात ते पातं आतच वळवल्यामुळे.

क्रम महत्त्वाचा. आधी सर्वात लहान भोकं, मग मधला बारीक भाग, मग बाहेरचा आणि सर्वात शेवटी मोठ्या खिडक्या. घुबडाच्या चित्रात डोळे आणि पिसं पहिल्यांदा, चंद्राचं मोकळं आकाश अखेरीस. मोठा भाग आधी काढला तर उरलेल्या नाजूक भागाला मागून आधारच राहत नाही.

मोठा तुकडा अखंड ढकलून काढायचा प्रयत्न करू नका. त्याला मध्ये फुलीसारखे छेद देऊन चार तुकडे करा आणि एकेक आत ढकला. तुकडा हलत नसेल तर कुठेतरी कापायचं राहिलेलं असतं, बहुधा कोपऱ्यात आणि आतल्या बाजूला. जोर न देता ती जागा शोधा. आमच्या मते फोमचे भोपळे सर्वाधिक मोडतात ते इथेच.

गोल ठिपके चाकूने कापू नका. ड्रिल बिट हाताने किंवा ड्रिलवर कमी वेगाने फिरवून पाडा. आधी टाचणीचं भोक असलं की बिट घसरत नाही. बिट बाहेरून आत न्यायचं, नाहीतर रंग फुटतो.

सगळं कापून झालं की आतून खिडक्यांच्या कडा चाकूने थोड्या तिरप्या छाटा, म्हणजे फट मागच्या बाजूला रुंद होईल. एवढ्याशा कामाने नक्षी दुप्पट उजळ वाटते. शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून कडा साफ करा.

उजेडाच्या छटा

फक्त काळं-उजळ न ठेवता मधल्या छटाही आणता येतात. आरपार न जाता रंग आणि काही फोम काढला की उरलेल्या थरातून मंद उजेड येतो. थर जितका पातळ तितका तेज जास्त. लाकडावर किंवा लिनोलियमवर कोरायच्या छोट्या पटाशीने किंवा रोटरी हत्याराच्या गोल टोकाने हे काम होतं. चकतीवर आधी २, ४ आणि ६ मिलिमीटर थर उरेल असे तीन चौकोन कोरून मागे दिवा धरा. कोणती छटा कुठे हवी ते त्यावरून ठरवा, कारण प्रत्येक भोपळ्याचा फोम वेगळा.

छटांचा भाग कोरताना आत दिवा लावूनच ठेवा आणि खोलीत अंधार करा. दिवसाच्या उजेडात सगळं सारखंच पांढरं दिसतं. एक सावधगिरी घ्या: २ मिलिमीटरचा थर बोटाच्या दाबानेही फुटतो. पातळ भाग शेवटी कोरा आणि मग तिथे हात टेकवू नका.

मोडलं तर

तुटलेली जोडपट्टी जपून ठेवा. पट्टीत अर्धी टूथपिक खुपसा, दोन्ही बाजूंना पांढरा गोंद लावा, दाबून बसवा आणि टेपने रात्रभर धरून ठेवा. घाई असेल तर कमी तापमानाची ग्लू गन चालते, पण गोंदाचा थर जाड राहतो. चाकू घसरून रंग चिरला असेल तर भिंतीतली भोकं बुजवायची हलकी लांबी भरा, तिकडे तिला स्पॅकल म्हणतात. वाळल्यावर घासा आणि नारिंगी ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. रंग जुळत नसेल तर थोडा तपकिरी मिसळा, दुकानातला नारिंगी सहसा जास्तच भडक असतो. पूर्ण भोपळा रंगवण्याचाही पर्याय आहे. मोरपंखी निळ्या रंगाचा भोपळा दारात असला तर त्या घरी खाऊशिवाय इतर छोट्या भेटी मिळतात, असा अमेरिकेत संकेत आहे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेने २०१४ पासून तो देशभर नेला.

दिवा, वारा आणि दिवाळी

आत मेणबत्ती कधीही, कुठल्याही कारणाने लावायची नाही. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पिवळसर एलईडीची बॅटरीवरची माळ सर्वात चांगली, वीस ते पन्नास दिव्यांची. एलईडी टी-लाइट एकटा बारीक नक्षीला पुरत नाही, आणि त्यातला बटणासारखा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. माळ एखाद्या काचेच्या बरणीत गुंडाळून भोपळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे दिव्यांचे ठिपके फटींमधून थेट डोळ्यांत जात नाहीत. छटा कोरलेल्या असतील तर बरणीभोवती बटर पेपर लावा, उजेड सारखा पसरतो. आतली भिंत पांढऱ्या ॲक्रिलिकने रंगवली तर तेज आणखी वाढतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हॅलोविन आणि दिवाळी अनेकदा एकाच सुमारास येतात. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरला दिवाळी ऐन भरात होती. एकाच पायरीवर भोपळा आणि पणत्या मांडायच्या असतील तर त्यांच्यात निदान तीन फुटांचं अंतर ठेवा, किंवा भोपळ्याच्या बाजूला एलईडीच्याच पणत्या लावा. फोमचा भोपळा इतका हलका असतो की ऑक्टोबरच्या वाऱ्यात तो घरंगळत पणतीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून आत बरणीशेजारी एक वीट किंवा वाळूची पिशवी ठेवा, आणि भोपळ्याच्या तळाच्या भोकाला दोन बाजूंनी दोरा ओवून तो विटेला बांधा.

ऊन हा फोमचा दुसरा शत्रू. उन्हात कापलेल्या कडा पिवळ्या पडून भुसभुशीत होतात. सावलीच्या पोर्चवर ठेवणार असाल तरी कडांना पारदर्शक ॲक्रिलिक सीलरचा एक हात द्या.

सीझन संपल्यावर माळेतल्या बॅटऱ्या काढा, नाहीतर त्या वर्षभरात पाझरून डबी खराब करतात. नक्षीच्या मागे चुरगळलेले टिश्यू पेपर सैलसर भरा, भोपळा जुन्या चादरीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि नक्षी कोणत्या बाजूला आहे ते खोक्यावर लिहा. पोटमाळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने रंग मऊ पडतो आणि गुंडाळीला चिकटून सोलून निघतो. खोलीतल्या कपाटात, वर काहीही न रचता ठेवलेला भोपळा पुढच्या ऑक्टोबरात जसाच्या तसा बाहेर निघतो.